सेल संपतो, म्हणजे नेमके काय होते?

संध्याकाळी सहा-सातच्या सुमारास गुलमंडीत पाय ठेवायला जागा नसते. सुपारी हनुमानाला उभ्या उभ्या नमस्कार करून कुणी पैठण गेटकडे निघालेले असते, कुणी मछली खडकावरून सिटी चौकाकडे. अशा गर्दीतल्या एखाद्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात हल्ली मनगटी घड्याळांच्या जोडीला आणखीही वस्तू सेल बदलायला येतात. ताप मोजायचा डिजिटल थर्मामीटर, साखर तपासायचे ग्लुकोमीटर, कोविडच्या साथीत घाईघाईने घेतलेला ऑक्सिमीटर.

समजा, सत्तरीचे एक काका पिशवीतून बीपीचे मशीन काढून काउंटरवर ठेवतात. “बिघडलं बहुतेक. पट्टा फुगायला लागतो आणि मध्येच बंद पडतं.” दुकानदार मागचे झाकण उघडून पाहतो. “मशीन ठीक आहे काका. सेल गेलेत.” काकांना ते पटत नाही. “कसे जातील? यातलाच एक काढून भिंतीवरच्या घड्याळात घातला, तर घड्याळ मस्त चालतंय की!”

गंमत अशी, की दोघांचेही म्हणणे बरोबर आहे. सेल बीपीच्या मशीनसाठी संपलेला आहे आणि घड्याळासाठी संपलेला नाही. ‘सेल संपला’ हे आपण दिवा विझल्यासारखे म्हणतो, पण तो एका क्षणी संपत नाही. कशासाठी संपला आणि संपताना त्या उपकरणाने काय केले, हे दोन प्रश्न विचारायला हवेत. आता घरोघरी आरोग्य मोजणारी उपकरणे आली आहेत, त्यामुळे या प्रश्नांची उत्तरे माहीत असणे ही चैन राहिलेली नाही.

टाकीचा तळ

आपण ज्याला पेन्सिल सेल म्हणतो तो नवा असताना साधारण दीड व्होल्ट दाब देतो. वापर होत जातो तसा हा दाब हळूहळू उतरतो आणि सेलच्या आतला विरोध वाढतो. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीसारखेच हे आहे. टाकी तळाला गेली तरी खालच्या मजल्यावरच्या नळाला बारीक धार येत राहते. वरच्या मजल्यावरचा शॉवर मात्र चालत नाही.

भिंतीवरच्या घड्याळाला ती बारीक धार पुरते. बीपीच्या मशीनमध्ये मात्र हवा भरणारा छोटा पंप असतो. पट्टा फुगवताना तो एकदम बराच प्रवाह ओढतो. दमलेल्या सेलला ही ओढ झेपत नाही, दाब झपकन खाली येतो आणि मशीन बंद पडते. पंप थांबला, की सेल पुन्हा थोडा सावरतो. म्हणूनच बटण दाबल्यावर पडदा उजळतो, सगळे ठीक वाटते आणि पट्टा फुगताना मशीन मान टाकते. काकांचे मशीन बिघडलेले नव्हते, ते एवढेच सांगत होते.

यावरून दोन साध्या गोष्टी निघतात. एक म्हणजे बीपीच्या मशीनमध्ये अल्कलाइन सेलच घालावेत. स्वस्त साधे सेल घड्याळाला आणि रिमोटला चालतात, पंपाला लवकर कमी पडतात. दुसरी गोष्ट, चारही सेल एकाच वेळी आणि एकाच प्रकारचे बदलावेत. दोन जुने आणि दोन नवे असे घातले, तर नवे सेल प्रवाह चालू ठेवतात आणि जुने त्यांच्या क्षमतेपलीकडे पिळले जातात. असे सेल गळतात. अल्कलाइन सेलमधून बाहेर येणारे द्रव्य तीव्र क्षारयुक्त असते. ते मशीनच्या पट्ट्या खाते आणि बोटांना किंवा डोळ्यांना लागले तर इजा करते. कोविडनंतर खणात पडून राहिलेल्या कित्येक ऑक्सिमीटरमध्ये पांढरी भुकटी जमलेली दिसते, ती याचीच. जे उपकरण महिनोन्‌महिने वापरायचे नाही, त्यातले सेल काढून ठेवावेत. आपल्याकडचा उन्हाळा चाळीस अंशांच्या पुढे जातो. उष्णतेने सेल पडल्या पडल्याही लवकर उतरतात, त्यामुळे उपकरण किंवा जादा सेल तापलेल्या गाडीत किंवा उन्हाच्या खिडकीत ठेवू नयेत.

मशीन खोटे बोलते का?

रुग्णांची एक नेहमीची शंका असते: सेल कमजोर झाले, की बीपी चुकीचे दिसते का? चांगल्या बनावटीच्या मशीनमध्ये सेलच्या दाबावर लक्ष ठेवणारी सोय असते. दाब उतरू लागला की पडद्यावर सेलचे चिन्ह येते आणि तो ठरावीक पातळीखाली गेला, की मशीन मोजायलाच नकार देते. हा नकार त्रासदायक वाटला, तरी तो प्रामाणिक असतो. चुकीचा आकडा दाखवण्यापेक्षा गप्प बसणे केव्हाही चांगले. हे चिन्ह दिसले, की त्याच दिवशी सेल बदलावेत. “अजून दोन-चार दिवस निघतील” असे म्हणत राहिले, तर नेमके चक्कर आलेल्या रात्रीच मशीन नकार देते.

खरे तर बीपीचा आकडा चुकण्याची कारणे बहुतेक वेळा सेलमध्ये नसून आपल्यात असतात. जिना चढून आल्याबरोबर मोजणे, मोजताना बोलणे, पाय लोंबकळत ठेवणे, दंडाच्या मानाने लहान पट्टा, शर्टाच्या बाहीवरून बांधलेला पट्टा, लघवी तुंबलेली असणे. मोजण्याआधी अर्धा तास चहा-कॉफी, तंबाखू टाळावी, पाठ टेकून पाच मिनिटे शांत बसावे, दंड हृदयाच्या पातळीवर ठेवावा आणि एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजावे. सेल नवे घालूनही आकडा जास्तच येत असेल, तर दोष मशीनला न देता डॉक्टरांना दाखवावे.

ग्लुकोमीटरची गोष्ट थोडी वेगळी आहे. त्यात बहुधा नाण्यासारखा चपटा लिथियमचा सेल असतो. सीआर २०३२ हा त्यातला नेहमीचा, तीन व्होल्टचा. हा सेल पेन्सिल सेलसारखा हळूहळू उतरत नाही. आयुष्याचा बराचसा काळ तो जवळपास तसाच राहतो आणि अखेरीस झपाट्याने कोसळतो. त्यामुळे धोक्याचे चिन्ह दिसल्यावर हाताशी फारसा वेळ उरत नाही. इन्सुलिन घेणाऱ्या माणसाच्या घरात या सेलचा एक जादा नग असलाच पाहिजे.

सेल बदलल्यावर आणखी एक गोष्ट घडते आणि ती बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. अनेक ग्लुकोमीटरमधले जुने आकडे तसेच राहतात, पण आतले घड्याळ मात्र पुन्हा पहिल्यापासून सुरू होते किंवा मागे पडते. नंतरच्या प्रत्येक तपासणीवर चुकीची तारीख आणि वेळ पडत जाते. महिन्याने रुग्ण मशीन घेऊन येतो आणि डॉक्टर आकडे चाळतात. सकाळी उपाशीपोटी घेतलेला आकडा रात्री अकराचा दिसतो, जेवणानंतरचा पहाटेचा दिसतो. साखरेचा १८० हा आकडा उपाशीपोटी एक अर्थ सांगतो आणि जेवणानंतर दुसराच. या गोंधळावर इन्सुलिनचे युनिट वाढवले, तर पहाटे साखर उतरून घाम फुटण्याची, शुद्ध हरपण्याची वेळ येऊ शकते. साखर मोजण्यात मशीन चुकलेले नसते, चुकते फक्त घड्याळ. म्हणून सेल बदलल्यावर पहिले काम तारीख-वेळ लावण्याचे, आणि वहीत हाताने नोंद ठेवण्याची जुनी सवय सोडायची नाही.

जर्मनीतली झडप

उपकरण संपताना काय करते, याचा विचार बनवणाऱ्याला आधीच करावा लागतो. याचे एक चांगले उदाहरण थंड देशांतल्या घरांत सापडते. मुलगा किंवा मुलगी जर्मनीत नोकरीला आहे आणि आई-वडील हिवाळ्यात तिकडे राहून आले, असे आता आपल्याकडच्या बऱ्याच घरांत घडते. तिकडे खोली उबदार ठेवायला भिंतीलगत गरम पाण्याचे रेडिएटर असतात. त्यात किती पाणी सोडायचे, हे एक झडप ठरवते. नव्या घरांत या झडपेवर सेलवर चालणारी छोटी मोटार बसवलेली असते. ठरवलेल्या वेळी आणि तापमानाला ती झडप उघडते, मिटते आणि मोबाइलवरूनही चालवता येते. असे सेल साधारण वर्ष-दोन वर्षे टिकतात. झडप वारंवार हलवावी लागली, की त्याहून लवकर जातात.

आता बाहेर बर्फ पडत असताना हे सेल संपले तर? मोटार जिथे थांबली तिथेच झडप अडकून राहिली, तर खोली एक तर भट्टीसारखी तापते नाही तर गारठते. झडप बंद असताना अडकली, तर कडाक्याच्या थंडीत नळातले पाणी गोठून नळ फुटण्याचीही भीती. म्हणून काही झडपांमध्ये अशी योजना असते, की सेल अगदी संपण्याआधी उरलेल्या शक्तीत झडप थोडी उघडून ठेवायची. खोली हवी तेवढी उबदार राहत नाही, पण गोठतही नाही. सगळ्याच झडपा असे करत नाहीत, म्हणून विकत घेतानाच हे विचारावे लागते.

यात आरोग्याचाही भाग आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली घरांविषयी दिलेल्या मार्गदर्शनात थंड हवामानाच्या प्रदेशांत घरातले तापमान किमान १८ अंश सेल्सिअस असावे असे म्हटले आहे, आणि वृद्धांसाठी त्याहून थोडे जास्त लागू शकते. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब चढतो. उष्ण शहरातून गेलेल्या, बीपीच्या गोळ्या घेणाऱ्या आजी-आजोबांना बंद पडलेली झडप म्हणजे नुसती गैरसोय नसते. मुलाकडे राहायला जाणाऱ्यांनी खोलीतल्या झडपेचे सेल केव्हा बदलले, हे पहिल्याच दिवशी विचारायला हरकत नाही.

छातीतली बॅटरी

संपतानाचे वागणे जिथे खरोखर जिवाशी निगडित असते, ते उपकरण म्हणजे पेसमेकर. ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्वीडनमधल्या कॅरोलिन्स्का रुग्णालयात ऑके सेनिंग या शल्यविशारदांनी, रुने एल्मक्विस्ट यांनी बनवलेला पेसमेकर आर्ने लार्सन या ४३ वर्षांच्या रुग्णाच्या शरीरात बसवला. संपूर्णपणे शरीराच्या आत बसवलेला तो जगातला पहिला पेसमेकर. तो काही तासांतच बंद पडला आणि दुसरा बसवावा लागला. पुढे लार्सन यांना वीसहून अधिक पेसमेकर लागले. पण ते जगले, २००१ पर्यंत, वयाच्या ८६ व्या वर्षापर्यंत. त्यांचा मृत्यू हृदयाच्या नव्हे, तर कर्करोगाच्या आजाराने झाला.

त्यानंतर बराच काळ पेसमेकरमध्ये पाऱ्याच्या बॅटऱ्या असत. त्या साधारण दोन वर्षे टिकत आणि संपताना फारशी सूचना देत नसत. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला विल्सन ग्रेटबॅच या अमेरिकी अभियंत्यांनी लिथियम-आयोडीन बॅटरी पेसमेकरसाठी पुढे आणली. तिने आयुष्य तर वाढवलेच, पण डॉक्टरांना तिचा दुसरा गुण अधिक मोलाचा वाटतो. ती संपते ती हळूहळू आणि अंदाज बांधता येईल अशा रीतीने. बॅटरीचा अंतर्गत विरोध मोजून तिचे किती दिवस उरले आहेत ते आधी सांगता येते.

आजचे पेसमेकर साधारण आठ ते बारा वर्षे चालतात. हृदयाला किती वेळा ठोका द्यावा लागतो, यावर ते अवलंबून असते. बॅटरी ठरावीक पातळीवर आली, की ‘आता बदला’ अशी खूण पेसमेकर स्वतःमध्ये नोंदवतो. त्यानंतरही साधारण तीन महिने तो व्यवस्थित काम करील अशी योजना असते. या काळात तो शक्ती वाचवतो. काही पेसमेकर जादा सोयी बंद करून एका साध्या, ठरलेल्या गतीवर येतात. घरात पैशाची ओढाताण झाली, की आधी हौसेचे खर्च बंद होतात आणि भाजी-भाकरी चालू राहते, तसेच हे आहे.

पण ही खूण रुग्णाला बाहेरून दिसत नाही. ती तपासणीच्या यंत्रावर डॉक्टरांना दिसते. “दहा वर्षांची बॅटरी आहे म्हणाले होते, मग आत्ताच कशाला जायचं?” असे म्हणून तपासणी चुकवणारे बरेच जण असतात. दहा वर्षे हा अंदाज असतो, हमी नव्हे. डॉक्टरांनी दिलेली तारीख पाळावी, आणि बॅटरी जुनी होत आल्यावर तपासणी अधिक वेळा करावी लागते हे लक्षात ठेवावे. चक्कर, अंधारी, अकारण थकवा, धाप किंवा क्षणभर शुद्ध जाणे असे काही झाले, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये. बॅटरी बदलायची म्हणजे छातीच्या त्वचेखालची डबी बदलायची. हृदयातल्या तारा चांगल्या असतील तर सहसा त्याच राहतात, त्यामुळे पहिल्या शस्त्रक्रियेपेक्षा हे काम बहुधा सोपे असते.

एक गोष्ट बोलायला अवघड, पण सांगायला हवी. पेसमेकर असलेल्या व्यक्तीचे निधन झाले आणि दहन करायचे असेल, तर पेसमेकर आधी काढून घ्यावा लागतो. आगीत त्याची बॅटरी फुटून स्फोट होतो आणि जवळ उभ्या असलेल्यांना इजा होऊ शकते. घरातल्या कुणी तरी रुग्णालयात किंवा डॉक्टरांना तेवढे आठवणीने सांगावे.

सर्वांत धोकादायक सेल

आता पुन्हा काउंटरवर येऊ. काकांच्या मागे उभ्या असलेल्या बाई ग्लुकोमीटरचा सेल बदलून घेतात. दुकानदार नवा घालतो आणि जुना त्यांच्या हातावर ठेवतो. तो पर्समध्ये जातो, घरी टेबलावर येतो आणि टेबलाखाली दीड वर्षाचा नातू खेळत असतो. आता हा चकचकीत, गुळगुळीत, नाण्याएवढा सेल घरातली सर्वांत धोकादायक वस्तू होऊ शकतो.

तो मुलाने गिळला आणि अन्ननलिकेत अडकला, तर दोन्ही बाजूंनी ओल्या त्वचेला टेकतो. मग त्यातून प्रवाह वाहू लागतो. पाण्याचे विघटन व्हायला सव्वा व्होल्टच्या आसपास दाब पुरतो, आणि ग्लुकोमीटरने ‘संपला’ म्हणून टाकलेल्या तीन व्होल्टच्या सेलमध्ये त्याहून जास्त दाब उरलेला असतो. ऋण टोकापाशी तीव्र क्षार तयार होतो आणि अन्ननलिका आतून भाजू लागते. गंभीर इजा व्हायला दोन तास पुरतात. पुढे अन्ननलिकेला भोक पडते, कधी ही जखम श्वासनलिकेपर्यंत किंवा मोठ्या रक्तवाहिनीपर्यंत पोहोचते. सेल काढल्यावरही काही दिवसांनी रक्तस्राव होऊन मुले दगावल्याच्या नोंदी आहेत. नाकात किंवा कानात घातलेला सेलही काही तासांत आतली त्वचा जाळतो.

अडचण अशी, की मूल सांगत नाही आणि कुणी पाहिलेले नसते. लाळ गळणे, खाणे नाकारणे, खोकला, श्वासाला आवाज, उलटी, छातीवर हात ठेवून रडणे ही लक्षणे सर्दी-खोकल्यासारखीच वाटतात. एक्स-रेमध्ये नाणे आणि सेल दोन्ही गोल दिसतात. सेलच्या कडेला मात्र दुहेरी वर्तुळ दिसते. म्हणून “घरात असा सेल होता आणि आता सापडत नाही” ही माहिती डॉक्टरांना आपणहून द्यावी.

शंका आली, तरी थांबू नये. घाटी असो वा दुसरे कुठले मोठे रुग्णालय, जिथे एक्स-रे आणि दुर्बिणीने सेल काढण्याची सोय आहे तिथे ताबडतोब न्यावे. वाहन नसेल तर १०८ ला फोन करावा. उलटी करवू नये, केळे-भाकरी खाऊ घालून सेल खाली ढकलण्याचा प्रयत्न करू नये. मूल एक वर्षापेक्षा मोठे असेल, सेल गिळून बारा तासांहून कमी वेळ झाला असेल आणि त्याला नीट गिळता येत असेल, तर रुग्णालयाच्या वाटेवर दर दहा मिनिटांनी दोन छोटे चमचे मध द्यावा, असे विषबाधेच्या तज्ज्ञांचे मार्गदर्शन आहे. असे जास्तीत जास्त सहा वेळा. मधाने क्षाराची इजा काहीशी मंदावते. पण मध शोधण्यात एक मिनिटही घालवू नये, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध मुळीच देऊ नये. मधाखेरीज दुसरे काही खायला-प्यायला देऊ नये.

ऑस्ट्रेलियाने २०२२ पासून अशा सेलच्या वस्तूंना लहान मुलांना उघडता येणार नाही असे झाकण सक्तीचे केले. त्याच वर्षी अमेरिकेतही तसा कायदा झाला. आपल्या बाजारातल्या वाजणाऱ्या खेळण्यांची, लुकलुकणाऱ्या राख्यांची, रिमोटची आणि वजनकाट्यांची झाकणे मात्र अनेकदा नखाने उघडतात. झाकणाला स्क्रू आहे का, हे दुकानातच पाहावे. नसेल तर चिकटपट्टी गच्च गुंडाळावी.

घरी एवढे करावे

घरातल्या आरोग्य-उपकरणांचे सेल बदलल्याची तारीख मागच्या बाजूला कागद चिकटवून लिहावी. बीपीचे मशीन आणि ग्लुकोमीटर यांचे जादा सेल, न उघडलेल्या पाकिटात, मुलांच्या हाताला न लागतील असे ठेवावेत. कानाच्या यंत्राचे सेल हवेवर चालतात. स्टिकर काढल्या क्षणापासून त्यांचे आयुष्य सुरू होते आणि स्टिकर पुन्हा लावून ते थांबत नाही, म्हणून लागेल तेव्हाच स्टिकर काढावे. हेही सेल गोळीसारखे दिसतात. आजोबांनी औषधाच्या गोळ्यांच्या डबीत ते ठेवू नयेत.

काढलेल्या चपट्या सेलला दोन्ही बाजूंनी लगेच चिकटपट्टी लावावी. २०१६ च्या घनकचरा नियमांत वापरलेले सेल घरगुती घातक कचऱ्यात मोडले होते. ओल्या-सुक्या कचऱ्यात न टाकता ते एका बंद बरणीत साठवून घंटागाडीकडे वेगळे द्यावेत.

आणि सेलवर चालणारी कोणतीही वस्तू घेताना किमतीबरोबर आणखी एक प्रश्न विचारावा: “सेल संपत आले की हे मशीन काय करतं?” दुकानदाराला उत्तर येत नसेल, तर माहितीपत्रक उघडून तिथेच पाहावे.

काकांनी चारही सेल नवे घेतले, मशीन चालू करून पाहिले आणि निघताना जुने सेल खिशात टाकू लागले. दुकानदाराने काउंटरखालची प्लास्टिकची बरणी पुढे केली. “काका, ते यात टाका. घरी नेऊ नका.” गुलमंडीतल्याच नव्हे, सेल बदलून देणाऱ्या प्रत्येक दुकानात अशी एक बरणी ठेवायला फारसा खर्च येणार नाही.